मतिमंद भावावर छेडछाडीची केस झालीय, घरी ठेवून उपचार होतात का?

परभणीकर:
माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग, सर्टिफिकेट आहे. गुरंढोरं बघतो, स्वतःचं सगळं करतो. दोन महिन्याखाली गल्लीतल्या एका ताईच्या अंगाला त्यानं हात लावला, त्यांनी केस केली अन् बरोबरच केलं. आता जामिनावर घरी आहे. पाव्हणे म्हणायलेत लग्न लावून द्या सुधरल, वडील म्हणायलेत खोलीत कोंडा. मला दोन्ही पटंना, पण परत असं केलं तर? उपचार असतात का यावर?

विशेष शिक्षिका, लातूर:
दादा, लग्नाचं आधी डोक्यातून काढा, दुसऱ्याच्या लेकीला यात ढकलू नका. उपचार आहेत. इंग्लंडमधे ग्लिनिस मर्फी अन् त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉटसेक-आयडी नावाचा प्रोग्राम बसवलाय, अशाच पुरुषांचा छोटा ग्रुप, आठवड्यातून एकदा दोन तास, साधारण वर्षभर. शरीराची माहिती, संमती कशाला म्हणायचं, त्या बाईला काय वाटलं असेल, 'तिलाच चालत होतं' हा विचार कसा खोटा, अन् शेवटी ज्याचा त्याचा प्लॅन, कुठं एकटं जायचं नाही, तसं मनात आलं तर कुणाला सांगायचं. सगळं चित्रांतून, छोट्या वाक्यांत, परत परत. त्यानं समज वाढली, पण काहीजण पुन्हा चुकलेच, म्हणून सोबत माणूस लागतोच. आपल्याकडं असा ग्रुप मिळणं अवघडंय, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हेच एकट्याला शिकवू शकतात. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा, नाहीतर सिकंदराबादची एनआयईपीआयडी, म्हणजे बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था, नांदेडवरून रेल्वे आहे. अन् खरं सांगा, वयात आल्यावर त्याला घरात कुणी यातलं एक तरी वाक्य नीट सांगितलं होतं का? बऱ्याच घरांत सांगतच नाहीत. कोंडल्यानं तो काहीच शिकणार नाही.

वकील, बीड:
जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, दिव्यांगाला मोफत वकील मिळतो, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12. सर्टिफिकेट कोर्टात द्या, पण त्यानं आपोआप सुटका होत नाही, बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम 22 मधे त्या वेळी त्याला आपण काय करतोय ते कळत होतं का हे बघतात. आणि केस मागं घ्या म्हणून त्या ताईंच्या घरी कुणालाच पाठवू नका, त्यांच्यावर दबाव येतो आणि जामीनही जाऊ शकतो.

परभणीकर:
सोमवारी जिल्हा रुग्णालयात जातो. ताई, चित्रांची पुस्तकं मराठीत कुठं मिळतील? अन् वडिलांना कसं समजवावं, ते तर ऐकूनच घेईनात.