तलाव भरलेले, तरी मे अखेर कपात? मुंबईच्या पाण्याचं गणित

कांदिवली_पूर्व
सातही तलावांचा उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. शहराला रोज साधारण ३,९५० दशलक्ष लिटर मिळतात. भागाकार केला की ३६६ दिवस, म्हणजे बरोबर वर्ष. मग १ ऑक्टोबर २०२३ ला तलाव जवळपास काठोकाठ असताना ३० मे २०२४ पासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात कशी लागली? पुढच्या वीस-पंचवीस वर्षांसाठी नवं पाणी कुठून येणार? आणि एक घरचा प्रश्न: ४० फ्लॅटच्या सोसायटीत १० टक्के कपात असली तरी पाणी त्याहून बरंच कमी येतं अशी तक्रार आहे. टँकरचा ठराव करण्याआधी काय तपासायचं?

तानसा_लाइन
भागाकार बरोबर, पण भाजक चुकलाय. ३,९५० हा शहराला मिळणारा आकडा आहे. तलावांतली उचल त्याहून जास्त असते. भातसाचं पाणी नदीपात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं, वाटेत घट होते. शुद्धीकरण केंद्रात फिल्टर धुवायला पाणी जातं. ठाणे आणि भिवंडीलाही याच यंत्रणेतून पाणी दिलं जातं. वर बाष्पीभवन. उन्हाळ्यात दिवसाला ६ मिमी धरलं तर एक चौरस किलोमीटर पृष्ठभागावरून रोज ६० लाख लिटर उडतात. भातसा, तानसा, वैतरणेचे पसारे बघा आणि गुणाकार करा.

हिशोब १ ऑक्टोबरला मांडतात आणि ३१ जुलैपर्यंत पुरवायचा असतो. जून का नाही? कारण पहिल्या पावसात कोरडी जमीनच पाणी पिऊन टाकते, तलावांची पातळी खऱ्या अर्थाने जुलैत चढते. २०२१ आणि २०२२ मध्ये ऑक्टोबरातही पाऊस झाला, म्हणजे त्या दिवसांची उचल फुकटात भरून निघाली. २०२३ ला तो बोनस मिळाला नाही.

शेवटी आधार राखीव साठ्याचा. भातसा आणि ऊर्ध्व वैतरणा ही धरणं राज्याच्या जलसंपदा विभागाची आहेत, पालिकेची नाहीत, त्यामुळे तिथल्या राखीव पाण्याला परवानगी लागते. २०२४ मध्ये भातसातून १,३७,००० आणि ऊर्ध्व वैतरणातून ९१,१३० दशलक्ष लिटर मंजूर झाले होते.

मोखाडा_रोड
नव्या पाण्याबद्दल. मुंबईच्या पाण्यासाठीच्या चितळे समितीच्या १९९४ च्या अहवालात तीन धरणांची नावं होती: मध्य वैतरणा, गारगाई, पिंजाळ. मध्य वैतरणा (४५५ दशलक्ष लिटर रोज) २०१४ ला आलं. म्हणजे शिफारशीपासून नळापर्यंत वीस वर्षं! आज ठरवलेलं धरण आजच्या टंचाईला कामाचं नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा.

गारगाई ४४० चं आहे. त्याची जमेची बाजू फारशी कोणी सांगत नाही: साधारण दोन किलोमीटरच्या बोगद्यातून पाणी मोडक सागरात सोडायचं, पुढे उताराने भांडुपला. पंपाचं बिल नाही. अडचण जंगलाची आणि विस्थापनाची, तानसा अभयारण्याचा भाग बुडतो. मध्यंतरी प्रकल्प बाजूला ठेवून मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचं ठरलं, मग गारगाई पुन्हा पुढे आला. पिंजाळचे ८६५ अजून कागदावरच आहेत.

मनोरी २०० चं, पुढे ४०० पर्यंत वाढवता येईल असं. खाऱ्या पाण्याला घनमीटरमागे ३ ते ४ युनिट वीज लागते. २०० दशलक्ष लिटर म्हणजे २ लाख घनमीटर, म्हणजे रोज ६ ते ८ लाख युनिट. शिवाय जेवढं खारं पाणी ओढाल त्याच्या चाळीस-पंचेचाळीस टक्केच गोडं होतं, उरलेलं जवळपास दुप्पट खारट होऊन समुद्रात जातं, ते मच्छीमारांच्या पट्ट्यात कुठे सोडायचं हा वेगळा वाद. तरीही माझ्या मते हे हवंच. पाऊस पडो न पडो, हे पाणी येतं. आणि ते दहिसर-मालाडच्या बाजूला मिळतं, जिथे धरणाचं पाणी सगळ्यात शेवटी पोचतं.

भांडुप_कॉम्प्लेक्स
धरणांवर सगळे भांडतात, मधल्या साखळीवर कोणी बोलत नाही. शुद्धीकरण केंद्रांची रोजची क्षमता दशलक्ष लिटरमध्ये बघा: भांडुपच्या दोन केंद्रांची १,९१० आणि ९००, पांजरापूरची १,३६५. बेरीज ४,१७५. गारगाई उद्या भरलं तरी ते पाणी शुद्ध करायला जागा कुठे आहे? म्हणूनच भांडुपला २,००० चं नवं केंद्र, जुनं १,९१० वालं चाळीस वर्षांहून अधिक चाललंय.

आणि पिसे. मार्च २०२४ मध्ये बंधाऱ्याच्या एका दरवाज्याखालचा रबरी ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, गळला. हे दरवाजे हवा भरलेल्या ब्लॅडरवर उभे राहतात, हवा गेली की दरवाजा आडवा. दुरुस्तीसाठी बंधाऱ्यातली पातळी उतरवावी लागली, पंपांना पुरेसं पाणी मिळेना आणि शहरात कपात. त्याच्या आदल्याच महिन्यात पिसेच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागून कपात झाली होती. दोन्ही वेळा भातसात पाणी होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ठाण्यात बोअरवेल खणताना जलबोगद्यालाच भोक पडलं, त्याच्या दुरुस्तीसाठी २०२३ च्या उन्हाळ्यात १५ टक्के कपात. म्हणून एका बोगद्याला दुसरा पर्यायी बोगदा हाही पुरवठ्याच्या नियोजनाचाच भाग आहे.

कांदिवली_पूर्व
गळतीचं काय? १० टक्के गळती वाचली तरी जवळपास ४०० दशलक्ष लिटर, म्हणजे गारगाईच झालं की.

तानसा_लाइन
कागदावर हो. पण गळती शोधायला लाइनमध्ये दाब लागतो. चोवीस तास दाब असेल तर एखाद्या भागाची लाइन बाकीच्यांपासून तोडून पहाटे दोन ते चारचा प्रवाह मोजतात. त्या वेळी वापर नगण्य, जे वाहतंय ती बहुतेक गळती. आपल्याकडे पाणी दोन-तीन तास येतं, त्यात सगळे टाक्या भरतात, मग गळती आणि वापर वेगळा कसा काढणार? वर पाणी बंद झालं की रिकाम्या लाइनमध्ये बाहेरचं गढूळ पाणी ओढलं जातं. चोवीस तास पाण्याचा प्रयोग मुलुंड आणि वांद्रे पश्चिमेत सुरू झाला, शहरभर पोचला नाही. गळती रोखायला हवीच, पण तिच्या भरवशावर धरण रद्द करू नये.

वरळी_नाका
एक राहिलं. सांडपाणी शुद्ध करणारी सात नवी केंद्रं होतायत, एकूण २,४६४ दशलक्ष लिटर. बांधकाम, बागा, एसीचे कूलिंग टॉवर यांना ते पाणी दिलं तर तेवढं पिण्याचं पाणी सुटतं. अडचण पाइपची. वेगळी लाइन नसेल तर टँकरनेच न्यायचं.

टाकी_आणि_मीटर
सोसायटीचं. कपात म्हणजे मोजून १० टक्के कमी असं नसतं, वेळ किंवा दाब कमी करतात. समजा तुमच्याकडे पाणी ९० मिनिटं येतं, त्यात पहिली २० मिनिटं रिकामी लाइन भरून दाब येण्यात जातात. कामाची ७०. वेळ ९ मिनिटांनी घटली तर उरली ६१, म्हणजे १३ टक्के घट. शेवटच्या टोकाला असाल तर दाब पडून आणखी.

गरज: ४० फ्लॅट, प्रत्येकी ५ माणसं, माणशी १३५ लिटर, रोज २७,००० लिटर. खालची-वरची टाकी मिळून दीड दिवसाचा साठा म्हणजे ४० हजार तरी हवा.

ठरावाआधी एका रात्री खालची टाकी भरा, इनलेट व्हॉल्व्ह आणि पंप बंद करा, भिंतीवर पातळीला खडूने रेघ मारा. सकाळी पातळी उतरलेली असेल तर टाकी गळतेय. तळ १० चौरस मीटर असेल तर २ सेंमी म्हणजे २०० लिटर. दुसऱ्या रात्री तेच वरच्या टाकीला, खाली जाणारे व्हॉल्व्ह बंद करून. टाक्या ठीक निघाल्या तर फ्लश टँक बघा: शाईचे दोन थेंब टाका, फ्लश न करता भांड्यात रंग उतरला की वॉशर गेलाय. मीटरचं रीडिंग पाणी यायच्या आधी आणि गेल्यावर, सलग आठवडाभर लिहून ठेवा. वॉर्ड ऑफिसात तक्रार करताना ती वही दाखवा. आणि मेन लाइनला थेट बूस्टर पंप लावायची कल्पना कमिटीत कोणी काढलीच तर तिथेच मोडून काढा. ते बेकायदा आहे आणि शेजारच्या इमारतीचं पाणी तुटतं.