एकाच घटनेच्या तीन-तीन तारखा: वाद घालण्याआधी नेमकं काय तपासायचं?

घाटवाट:

शिवकाळावर किंवा पेशवाईवर कुठेही चर्चा सुरू झाली की चार-पाच प्रतिसादांत तारखेवरून हमरीतुमरी सुरू होते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. नेहमीचे वाद हे:

शिवजन्म १९ फेब्रुवारी १६३० की १ मार्च १६३०? मग काही जण १६२७ कुठून आणतात? आणि तिथीने बघितलं तर जयंती मार्चच्या मध्यावर किंवा शेवटी कशी येते?

राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १२ चा की १३ चा? दोन्ही बाजू अस्सल साधनांचा हवाला देतात.

सुरतेची पहिली लूट १६६३ ची की १६६४ ची?

पानिपत संक्रांतीच्या दिवशीच झालं का?

यातले खरे मतभेद कोणते आणि नुसत्या कालगणनेच्या गोंधळातून आलेले कोणते, हे वेगळं कसं करायचं? "इंग्रजांनी तारखा बदलल्या" किंवा "अमक्या पक्षाने तारीख पळवली" अशी उत्तरं नकोत. पडताळायची रीत हवी आहे.

जंत्रीवाला:

पहिलं काम वार बघण्याचं. तिथी लिहिताना नकलनविसाचा आकडा चुकतो, शक चुकतो, पण तिथी आणि वार दोन्ही एकाच वेळी चुकून तरीही एकमेकांशी जुळणं फार दुर्मीळ. म्हणून साधनात वार दिलेला असेल तर तो हातचा सोडू नये.

जेधे शकावलीतली (जेधे देशमुख घराण्याकडची घटनांची तिथीवार यादी) शिवजन्माची नोंद घ्या: शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र. एका ओळीत पाच खुणा आहेत, त्या एकेक करून तपासता येतात.

संवत्सर: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी म्हणजे प्रभवापासूनचा (साठ संवत्सरांच्या चक्रातलं पहिलं) क्रमांक. १५५१ + १२ = १५६३, बाकी ३, प्रभव-विभव-शुक्ल. जुळलं. (बाकी शून्य आली तर साठावं, क्षय.)

इसवी सन: चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. पौष महिना दोन्हीकडे पडतो, तिथे जपून. फाल्गुन म्हणजे ७९, म्हणून १६३०. डोळे मिटून ७८ मिळवणारे १६२९ लिहितात आणि मग तेच पुढे चिकटत जातं. संभाजी महाराजांच्या बाबतीतही हेच होतं. फाल्गुन अमावास्या शके १६१० म्हणजे १६८९, १६८८ नव्हे.

आता वार. इथे मोबाइलचं कॅलेंडर फसवतं. मोबाइल मागच्या सगळ्या शतकांना आजचीच ग्रेगोरियन पद्धत लावतो. आपल्याकडे शिवकाळाच्या तारखा मात्र जुन्या ज्युलियन पद्धतीने लिहायची वहिवाट आहे, कारण इतिहासकारांसमोर इंग्रजी वखारींची पत्रं होती आणि इंग्लंडने नवीन पद्धत १७५२ पर्यंत घेतलीच नव्हती. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये केलेली सुधारणा प्रॉटेस्टंट इंग्लंडने १७० वर्षं बाजूला ठेवली. म्हणून वार काढायचा असेल तर आधी जुन्या तारखेत दिवस मिळवा: २८ फेब्रुवारी १७०० पर्यंत (ज्युलियन) १०, त्यानंतर ११. येणारी तारीख मोबाइलवर बघा. १९ फेब्रुवारी १६३० + १० = १ मार्च १६३०, वार शुक्रवार. जुळलं.

म्हणजे १९ फेब्रुवारी आणि १ मार्च हा वादच नाही. एकच दिवस, दोन कॅलेंडरं. "आजच्या कॅलेंडरप्रमाणे १ मार्च" म्हणणारा चुकत नाही, पण मग त्याने अफझलखानवध १० नोव्हेंबरऐवजी २० नोव्हेंबरला आणि राज्याभिषेक ६ जूनऐवजी १६ जूनला धरायला हवा. एक तारीख नवीन आणि बाकीच्या जुन्या, अशी सरमिसळ करू नये. काय वापरलं ते एकदा लिहावं आणि शेवटपर्यंत तेच पाळावं.

१६२७ हा मात्र खरा मतभेद होता. उत्तरकालीन बखरींत शके १५४९ मिळतो आणि एकोणिसाव्या शतकात तोच रूढ होता. टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि चित्र बदललं. शिवभारत हे महाराजांच्या हयातीतलं काव्य, तेही शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीयाच देतं. दोन समकालीन, एकमेकांवर न बेतलेली साधनं एका बाजूला आणि शंभर-सव्वाशे वर्षांनंतरच्या, तिथींबाबत आपसांत न जुळणाऱ्या बखरी दुसऱ्या बाजूला. राज्य शासनाने १९ फेब्रुवारी मान्य केली ती या पुराव्यावर. इथे मतं मोजायची नसतात, साधन किती जवळचं ते बघायचं.

रायगडवारी:

राज्याभिषेकाचं मी सांगतो, कारण त्यात कालगणनेचा सगळ्यात सुंदर नमुना आहे.

जेधे शकावली म्हणते ज्येष्ठ शुद्ध १२ शुक्रवार, तीन घटिका रात्र उरली असता महाराज सिंहासनी बसले. बाकी परंपरा म्हणते ज्येष्ठ शुद्ध १३ शनिवार. लोक यावर पानंच्या पानं भांडतात. पण नोंदीतच उत्तर आहे: "तीन घटिका रात्र उरली". घटिका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सुमारे सव्वा तास बाकी. आपला वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही, आणि दिवसाला सूर्योदयाची तिथी लागते. त्यामुळे पहाटेच्या त्या वेळी पंचांगाने अजून शुक्रवार होता. मध्यरात्रीला तारीख बदलणाऱ्याच्या हिशेबी तोच क्षण शनिवार, ६ जून १६७४. समारंभ पुढे दिवसभर चालला तो त्रयोदशीला, शनिवारी. दोन्ही साधनं खरी.

वाराची परीक्षा इथेही लावून बघा. मोबाइलवर ६ जून १६७४ टाकलं तर बुधवार दिसतो आणि लगेच कोणीतरी "ही तारीखच खोटी" म्हणून चिकटवतो. १६ जून टाका, शनिवार येईल.

रायगडावर जगदीश्वराच्या भिंतीवरचा शिलालेख ज्यांनी नीट वाचला नसेल त्यांच्यासाठी: त्यात शक आकड्यांत नाही, शब्दांत आहे, "षण्णवबाणभूमि". षट् ६, नव ९, बाण ५, भूमी १. असे अंक उजवीकडून डावीकडे लावायचे, म्हणजे १५९६. पुढे "आनंद संवत्सर" आहे. वरच्या रीतीने १५९६ + १२ = १६०८, बाकी ४८, अठ्ठेचाळिसावं संवत्सर आनंद. दगडावरचा शक आणि संवत्सर एकमेकांची साक्ष देतात. डावीकडून वाचून ६९५१ काढणारे आणि त्यावरून गूढ सिद्धांत मांडणारे दोन्ही भेटतात, म्हणून एवढं फोड करून लिहिलं.

किनारपट्टी:

वरच्या दोघांच्या लिखाणात एक भर हवी. सगळे युरोपीय एका कॅलेंडरवर नव्हते. गोव्याचे पोर्तुगीज कॅथलिक, त्यांनी पोपची सुधारणा लगेच घेतली. डच कंपनी आणि फ्रेंचही नव्या पद्धतीवर. म्हणजे एकाच आठवड्यात गोव्याहून निघालेलं पत्र आणि मुंबईच्या किंवा सुरतेच्या इंग्रजांचं पत्र यांत दहा दिवसांचं अंतर दिसतं (१७०० नंतर अकरा). हे ध्यानात न घेता "पोर्तुगिजांना बातमी आधी कळली होती, ते सामील होते" असा निष्कर्ष काढलेला वाचायला मिळतो. वसईच्या शरणागतीची १६ मे १७३९ ही तारीख घ्या. ती पोर्तुगीज गणनेची, त्या दिवशी मुंबईचा इंग्रज आपल्या वहीत ५ मे लिहीत होता. अकरा दिवस आधी वसई पडल्याची दुसरी कुठली बातमी नव्हे ती.

सुरतेचा गोंधळ वेगळ्या कारणाचा. १७५२ पर्यंत इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस मागच्याच वर्षात मोजले जात. म्हणून सुरतेची लूट मूळ इंग्रजी कागदांत जानेवारी १६६३ ची दिसते, काळजीपूर्वक छापलेल्या ग्रंथांत १६६३/४ असं दुहेरी वर्ष देतात, आणि आपण १६६४ म्हणतो. तिरकी रेघ आणि पुढचा ४ गाळून कोणी उतरवलं की वाद तयार.

उत्तरेकडच्या मित्रांशी बोलताना आणखी एक. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात महिन्याचं नाव तेच, वद्य पक्षात त्यांचं एक महिना पुढे. आपला फाल्गुन वद्य ३ त्यांच्या पंचांगात चैत्र कृष्ण ३ असतो. त्यात चूक कोणाचीच नाही.

घाटवाट:

वार आणि कॅलेंडरचा मुद्दा नीट कळला. दोन गोष्टी राहिल्या. १ मार्च ही आजच्या कॅलेंडरची तारीख असेल तर तिथीची जयंती २०२४ ला २८ मार्चला आणि २०२५ ला १७ मार्चला कशी? आणि पानिपतच्या पत्रांत शक नसतोच, "इहिदे सितैन" वगैरे असतं, त्याचं काय करायचं?

जंत्रीवाला:

तिथीचं आधी. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी साधारण ११ दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की पुढे उडी मारते. त्यामुळे कुठलीही तिथी महिनाभराच्या पट्ट्यात हलत राहते. १६३० मध्ये ती त्या पट्ट्याच्या सुरुवातीच्या टोकाकडे होती. त्यात आपलं पंचांग निरयन, ताऱ्यांशी बांधलेलं, आणि ग्रेगोरियन ऋतूंशी बांधलेलं. या फरकाने तो सगळा पट्टाच साधारण ७१ वर्षांत एक दिवस पुढे जातो, म्हणजे १६३० पासून पाचेक दिवस. १७ मार्च आणि २८ मार्च दोन्ही त्या पट्ट्यात बसतात. जयंती तिथीने करावी की तारखेने, हा श्रद्धेचा आणि सोयीचा प्रश्न आहे. इतिहास फक्त एवढंच सांगतो की दोन्ही एकाच दिवसाकडे बोट दाखवतात. यावर राजकीय पक्षांनी एकमेकांना शिवद्रोही ठरवणं मला मनापासून वाईट वाटतं.

बंदमोडी:

"इहिदे सितैन" हा सुहूर सन, मराठी कागदांत शकाऐवजी लिहिला जाणारा. शब्द अरबी आहेत, लहान आकड्याकडून मोठ्याकडे वाचायचे. एकं: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दहं: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. पुढे मया १००, मयातैन २००, अलफ १०००. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१.

त्यात ५९९ मिळवले की १७६०. पण हे वर्ष मृगाला, सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, सुरू होतं. आज तो दिवस ७ जूनच्या आसपास, शिवकाळात जुन्या तारखेने २४ मेच्या आसपास. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत जानेवारीतलं, म्हणून ११६१ + ६०० = १७६१. शक १६८२, पौष शुद्ध ८, बुधवार, १४ जानेवारी १७६१. वार बघताना इथे दिवस मिळवू नका, १७५२ नंतरच्या तारखा नव्याच पद्धतीच्या आहेत. अकरा मिळवून पानिपत २५ जानेवारीला नेणारे आहेत, त्यांना हे दाखवा.

सगळ्यात जास्त चुका सितैन आणि सबैन यांत होतात. मोडीत घाईने लिहिलेलं असलं की ६० चे ७० होतात आणि पत्र दहा वर्षं सरकतं. पत्रातली माणसं त्या साली हयात होती का, तेवढं बघितलं तरी चूक पकडली जाते. अशा पत्रात "छ" आणि पुढे आकडा असतो, ती मुसलमानी महिन्याची चंद्रतारीख. चंद्रदर्शन बहुतेक शुद्ध द्वितीयेला, म्हणून तिथी साधारण चंद्रतारखेत एक मिळवून येते. त्या गणनेत दिवस सूर्यास्ताला बदलतो, शिवाय चंद्र दिसला की नाही यावर महिना अवलंबून, तेव्हा एका दिवसाच्या फरकावरून कोणाला खोटं पाडू नये. फसली सन (शेतसाऱ्याच्या हिशेबाचा) दिसला तर दख्खनी फसली सुहूरपेक्षा ९ ने मोठा, ११६१ ला ११७०.

आता संक्रांत. मकर संक्रांत निरयन असल्यामुळे तीही सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो संक्रांतीचा दिवस होता. तिथून १०२ वर्षं मागे गेलं की ती आणखी सुमारे दोन दिवस मागे जाते, कारण निरयन सरक आहेच, शिवाय १८०० हे ग्रेगोरियनमध्ये लीप वर्ष नव्हतं. म्हणजे १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या सुमाराला होऊन गेली होती. १४ जानेवारी म्हणजे संक्रांत हे आपल्या पिढ्यांचं समीकरण आहे, भाऊसाहेबांच्या छावणीचं नव्हे. सैन्याची उपासमार आणि बाहेर पडून लढण्याचा निर्णय यावर बोलायचं असेल तर संक्रांत त्यात आणायची गरज नाही.

रायगडवारी:

संभाजी महाराजांचा विषय वर निघालाच आहे. फाल्गुन अमावास्या शके १६१०, ११ मार्च १६८९ (जुनी). दुसऱ्या दिवशी चैत्र शुद्ध १, पाडवा. यावरून "गुढी त्या घटनेमुळेच सुरू झाली" असा दावा दरवर्षी फिरतो. तारीख फक्त दोन दिवस शेजारी होते एवढं सांगते, कारण सांगत नाही. तसंच त्याला खोडताना ज्ञानेश्वरीतली गुढी (शके १२१२) पुढे करणाऱ्यांनीही जपावं. तिथे गुढी उभारण्याचा उल्लेख आहे, पाडव्याचा नाही. त्याने गुढी उभारणं १६८९ च्या चारशे वर्षं आधीचं ठरतं, पाडव्याचा सण तेवढा जुना हे ठरत नाही. त्यासाठी १६८९ पूर्वीचा, पाडव्याचं नाव असलेला आणि तारीख पडताळलेला कागद दाखवावा लागतो. तारीख पडताळायची रीत वर आहेच.