निकाल आधीच लागलेला, तरी धडधड
मंगळावर यान उतरतं तेव्हा आपल्याला कळेपर्यंत सगळं आधीच घडून गेलेलं असतं, मग थेट प्रक्षेपणात थरार कसला, असं कुणी म्हटलं तर तो मुद्दा तसा बरोबर आहे. २०२१ मध्ये नासाच्या पर्सिव्हरन्स यानाचा संदेश पृथ्वीवर यायला ११ मिनिटांहून जास्त लागत होती आणि मंगळाच्या वातावरणात शिरून टेकेपर्यंतचा सगळा खेळ सातच मिनिटांचा. म्हणजे ‘शिरलं’ असं कळलं तेव्हा ते खाली पोचलेलंच होतं, धड किंवा तुकड्यांत. पण मला तर त्यामुळेच जास्त धडधडतं. नियंत्रण कक्षातले लोकही आपल्याइतकेच हतबल!

आणखी एक गोष्ट. त्या यानाने उतरता उतरता खालच्या जमिनीचे फोटो काढले, स्वतःकडे साठवलेल्या नकाशाशी ताडले आणि धोक्याच्या जागा टाळून स्वतःच जागा निवडली. २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी यानाकडे ही सोय नव्हती. मंगळावरच्या जेझेरोसारख्या कडे-खडकांच्या विवरात उतरायचं धाडस झालं ते यामुळेच.