इंजिन बदललेली आरएक्स-७ विकायची आहे: अख्खी द्यावी की सुटी करून?

फ्रीमाँटकर
नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियात सतरा वर्षं झाली. आईला आता एकटं ठेवता येत नाही, म्हणून जूनमध्ये कायमचे पुण्याला परततोय. घरातलं बाकी सगळं मार्गी लागलं, अडलंय ते गॅरेजमधल्या गाडीपाशी.

१९९३ची माझदा आरएक्स-७, एफडी (म्हणजे या गाडीची तिसरी पिढी). २०११ मध्ये साडेसहा हजार डॉलरला घेतली तेव्हा तिचं मूळचं १३बी रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या तिकोनी रोटरचं) इंजिन गेलेलं होतं. अ‍ॅपेक्स सील (रोटरच्या टोकाची पट्टी) तुटून आतली भिंत पार खरवडली होती. रोटरी नव्याने बांधायला पैसे नव्हते आणि ते काम जाणणारा माणूसही जवळपास नव्हता. म्हणून २०००च्या शेव्हरले कॅमारोतलं ५.७ लिटरचं एलएस१ व्ही८ आणि त्याचाच सहा गिअरचा टी५६ गिअरबॉक्स बसवला. दोन वर्षांचे शनिवार-रविवार त्यात गेले. एका दुकानात करून घेतलेलं वायरिंग दोनदा उपसावं लागलं. शेवटी जुनी चादर अंथरून तारा पसरल्या आणि एकेक तार मीटर लावून मीच तपासली.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळली, ती म्हणजे राज्याचे धुराचे नियम. इंजिन गाडीपेक्षा नवं घेतलं, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पेट्रोलची वाफ धरणारा डबा, सेन्सर, सगळं त्याच कॅमारोचं ठेवलं. २०१४ मध्ये सरकारी रेफ्रीकडून (इंजिन बदललेल्या गाड्या तपासून मंजूर करणारा) तपासून घेतली. दाराच्या चौकटीत त्यांचा स्टिकर आहे.

बघायला आलेले दोघेही म्हणाले, रोटरी असती तर बरेच जास्त दिले असते. एक म्हणतो, इंजिन-गिअरबॉक्स वेगळे विका, बॉडी मी नेतो. हिशेबाने सुटे भाग विकून जास्त येतीलही, पण ते करायला माझे हात उचलत नाहीत. २८,००० डॉलर सांगतोय. चुकतंय का? (भारतात नेणं शक्य नाही. तीन वर्षांहून जुनी, त्यात स्टिअरिंग डावीकडे.)

आणखी एक. कामाची वही मराठीत आहे, २१४ पानं. कुठली तार कुठे जाते, कुठला बोल्ट किती आवळला, सगळं त्यात आहे. घेणाऱ्याला तिचा काय उपयोग?

दहाचा_पाना
सुटी करू नका. सॅन होजेला मी हेच काम करतो. इथे निसान २४०एसएक्समध्ये एसआर२० टर्बो इंजिन घातलेल्या गाड्या सारख्या येतात. ते इंजिन अमेरिकेत कधी विकलंच गेलं नाही, त्यामुळे या राज्यात त्याला स्मॉग, म्हणजे धुराची तपासणी, पास होण्याचा मार्गच नाही. मालक हवालदिल होतात. तुमच्याकडे स्टिकर आहे, तीच तुमची किंमत. जाहिरातीत पहिला फोटो त्याचाच टाका, गाडीचा दुसरा.

स्मॉगचं प्रमाणपत्र देणं विकणाऱ्याची जबाबदारी आहे आणि ते ९० दिवसच चालतं. आधी ते काढा. रेफ्रीनंतर काही बदललंय का?

फ्रीमाँटकर
हो. मागच्या स्मॉगनंतर, दिवाळीच्या सुमारास इंजिनात हवा नेणारा पाइप आणि फिल्टर बदलला. त्यावर कार्बचा (राज्याचं हवा प्रदूषण मंडळ) मंजुरी क्रमांक नाही. जुना फिल्टरचा खोका माळ्यावर आहे.

दहाचा_पाना
मग तो आजच खाली काढा. तपासणारा बॉनेट उघडून पहिल्यांदा तेच बघतो.

ऑक्लंडकर
हीच चूक मी केली होती. न्यूझीलंडमध्ये इंजिन बदललं की एलव्हीव्ही (बदल केलेल्या गाडीचं) प्रमाणपत्र लागतं, आणि काय काय बदललं त्याची यादी असलेली धातूची पाटी गाडीवर बसवतात. माझ्या निसान सिल्व्हियावर ती होती. नंतर हौसेने सीट आणि सस्पेन्शन बदललं, पाटी तीच राहिली. घेणारा मुलगा हातात टॉर्च घेऊन पाटी वाचत बसला आणि एकेक गोष्ट गाडीशी ताडून बघत गेला. सीटपाशी थांबला, म्हणाला, 'ही यात नाही.' पुन्हा तपासणीचा सगळा खर्च किमतीतून गेला. मला राग नाही आला, त्याचं बरोबरच होतं.

२८,००० चूक नाही. फक्त रोटरीवाल्यांशी भाव करत बसू नका, त्यांना तुमची गाडी नकोच आहे. रोज चालवता येईल अशी एफडी शोधणारा माणूस वेगळा असतो. त्याला गाडी थंड असताना सुरू करून दाखवा, आधी गरम करून ठेवू नका.

नाशिक_ते_न्यूजर्सी
वहीबद्दल. सगळी भाषांतरित करायची गरज नाही. वायरिंगची पानं स्कॅन करून पाठवा, मी संध्याकाळी बसून इंग्रजीत करून देते. मी याच क्षेत्रातली आहे, तारांचे रंग चुकणार नाहीत. मूळ वही मात्र गाडीसोबतच द्या.

पैसे बँकेच्या काउंटरवर उभं राहून घ्या. आणि गाडी दिल्यावर पाच दिवसांत डीएमव्हीला (इथलं आरटीओ) मालकी सोडल्याचं कळवा. नाहीतर पुण्यात बसून इथल्या टोलच्या आणि पार्किंगच्या नोटिसा निस्तरत बसाल.

फ्रीमाँटकर
काल जुना खोका बसवला. क्लिपा ठिसूळ झाल्या होत्या, एक तुटली, ती नवी आणली. आज सकाळी स्मॉग पास झाली. स्टिकरचा फोटो दार उघडून, उन्हात, अक्षरं वाचता येतील असा काढलाय.

ताई, वायरिंगची ३१ पानं आहेत. रात्री पाठवतो. पान १२ वर तेलाचा डाग आहे, तिथला हिरवा-पांढरा रंग मी तुम्हाला वेगळा लिहून देतो.