मदत हवी आहे : अंगणवाडीतील पालक सभेला वडिलांनी यावे यासाठी काय करावे?

नमस्कार. नागपुरात हिंगणा एमआयडीसीलगतच्या वस्तीत आम्ही काही जण अंगणवाडी सेविकांच्या सोबतीने तीन वर्षांखालील मुलांच्या पालकांसाठी दरमहा सभा घेतो. सभेला आई येते, आजी येते. वडील मात्र दोघींना दारात सोडून, गाडी बंदही न करता परत फिरतात.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या ‘नवचेतना’ आराखड्यात जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांशी घरच्या घरी खेळता येतील असे खेळ वयानुसार दिले आहेत, आणि ते केवळ आईनेच खेळावेत असे मुळीच नाही. मागे एका वडिलांनी ओढणीआड तोंड लपवून बाळाशी ‘बुवा कूक’ सुरू केले, तेव्हा ते बाळ इतके खिदळले की सगळी सभा थांबून पाहू लागली. बोलण्याला, हसण्याला असा प्रतिसाद मिळत राहणे मेंदूच्या वाढीसाठी पोषणाइतकेच मोलाचे आहे.

पाळ्यांची नोकरी ही खरी अडचण आहे. पण ‘तिथे बायकांचेच काम’ हा समज त्याहून घट्ट आहे, असे मला वाटते.

आपल्यापैकी कोणी वडिलांसाठी वेगळी बैठक घेतली आहे का? ती रविवारी सकाळी ठेवावी की पाळी सुटल्यावर? संवाद पुरुष कार्यकर्त्याने साधल्यास फरक पडतो का? आणि आजोबांचा विरोध असलेल्या घरांत सुरुवात कोणापासून करावी? कृपया प्रत्यक्ष अनुभव सविस्तर कळवावेत.