मदत हवी आहे: सुट्टीवर असताना जुनी गाडी तपासायची आहे, जवळ अवजारे नाहीत

डोंगरवाट
कुटुंबासोबत सुट्टीवर आहोत. जागा डोंगराळ, उंची साधारण १५०० मीटर, हवा थंड. मुक्कामाजवळ एक हॅचबॅक विकायला आहे: १.२ लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअर, ११ वर्षे जुनी, मीटरवर ८८,००० किमी. मालक तास-दीड तास बघू देतो, चालवूही देतो म्हणतो. परवा निघायचे आहे.
गाडी उचलायची लिफ्ट नाही, ओळखीचा मेकॅनिक नाही. सोबत बायको आणि दोन लहान मुले. तीन प्रश्न आहेत: एवढ्या वेळात कोणत्या क्रमाने काय बघावे? अशा जागी तपासताना काही वेगळे लक्षात ठेवावे लागते का? आणि पसंत पडली तर हीच गाडी घेऊन ६०० किमी परत जावे का?

नटबोल्ट
आधी मालकाला निरोप द्या की तुम्ही पोहोचेपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. कोमट लागले तर नंतर परत या, कारण निम्मे दोष फक्त गार इंजिनवर दिसतात.

गार असतानाच डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढा. ऑइल काळे असणे हा दोष नाही. पातळी किमान खुणेच्याही खाली असेल तर मात्र एकतर इंजिन ऑइल खाते आहे किंवा मालकाने लक्ष दिलेले नाही. ऑइल भरायचे झाकण उघडून खालच्या बाजूला पिवळट साय आहे का बघा. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीत गंजाचा तपकिरी रंग किंवा वर तेलाचा तवंग नको. गाडी फिरवून आणल्यावर रेडिएटरचे झाकण अजिबात उघडू नका, उकळते पाणी अंगावर येते.

मग किल्ली फिरवा, पण लगेच सेल्फ मारू नका. इंजिन, ऑइल, एअरबॅग, एबीएस, बॅटरी हे सगळे दिवे आधी लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. एखादा दिवा लागलाच नाही तर तो कोणी मुद्दाम बंद केला असण्याची शक्यता धरा. एअरबॅगच्या बाबतीत ही लबाडी नेहमीची आहे.

सेल्फ मारताना बायकोला मागे, सायलेन्सरपासून दोन-तीन पावलांवर उभे करा. तिने मोबाइलवर चित्रीकरण करावे. थंडीत पांढरी वाफ येणारच, दोन-चार मिनिटांत ती विरते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास राहिला तर कूलंट जळते आहे. निळा धूर म्हणजे ऑइल, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. पहिल्या एक-दोन सेकंदांची टकटक चालते, ती सुरूच राहिली तर नाही.

इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण सैल करून तोंडावर नुसते ठेवा. आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ते जरा थरथरेल. उडून पडायला लागले, खालून धुराचे झोत यायला लागले तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत.

इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात चालवणारा टाइमिंग बेल्ट आहे की चेन ते मॉडेलवरून शोधा. बेल्ट असेल तर बदलल्याची पावती मागा. बहुतेक कंपन्या ६०,००० ते १,२०,००० किमी किंवा ठरावीक वर्षे, यांत जे आधी येईल ते धरतात. ११ वर्षांच्या गाडीला पावती नसेल तर बेल्ट मूळचाच आहे असे समजा. तो तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावे लागते.

तिसरा गिअर
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. डोंगर काही दोष लपवतो आणि काही उघडे पाडतो, दोन्ही ध्यानात ठेवा.

टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १००० मीटरला साधारण १० टक्के घटते. १५०० मीटरवर पिकअप कमी वाटला म्हणून गाडी नापास करू नका. उलट, इथे इंजिन तापत नाही म्हणून कूलिंग चांगले आहे असेही समजू नका. चढ चढून या, गाडी उभी करा, एसी चालू ठेवून १५-२० मिनिटे आयडलवर राहू द्या. काटा मध्यावर स्थिर हवा आणि रेडिएटरचा पंखा आपोआप चालू-बंद होताना ऐकू आला पाहिजे. एसीचा खरा कस थंड हवेत लागत नाही. कॉम्प्रेसर टक्कन लागतो का एवढेच बघा आणि एसी तपासला नाही असे धरूनच भाव करा.

आता फायदे. क्लच तपासायला चढासारखी जागा नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ३०-३५च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतो आहे. हॅंडब्रेक चढावर आणि उतारावर, दोन्ही तोंडांनी तपासा.

मोकळ्या उतारावर गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडा, अर्धा-एक किमी तशीच येऊ द्या, मग एकदम दाबा. आरशात निळा भपका दिसला तर व्हॉल्व्हचे सील कडक झाले आहेत. सपाट रस्त्यावर हे सहसा पकडता येत नाही.

उतार संपल्यावर ब्रेक पेडल मऊ झाले का बघा. जुन्या ब्रेक ऑइलने हवेतले पाणी शोषलेले असते, तापले की त्याची वाफ होते. थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका. समोरच्या दोन्ही चाकांची आपसात तुलना करा, मागच्यांची आपसात. जोडीतले एकच जास्त तापले असेल तर त्या चाकाचा ब्रेक अडकतो आहे.

मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कटकट आवाज आला तर सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा) गेला आहे. वेगाबरोबर वाढणारा घुमणारा आवाज एका बाजूला वळल्यावर बदलत असेल तर चाकाचे बेअरिंग.

लांबीपुट्टी
पत्रा बाहेरून स्वच्छ दिसतो हे ११ वर्षांच्या गाडीचे कौतुक नव्हे, चौकशीचे कारण आहे.

गाडी कोरडी असताना आणि दिवसाउजेडी बघा. ओल्या पत्र्यावर सगळेच रंग सारखे दिसतात. एका टोकाला खाली बसून पत्र्यावरची प्रतिबिंबे बघत जा, लाट आली की तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दारांच्या रबरावर, चाकांच्या कमानींच्या आत रंगाचे तुषार शोधा. मडगार्ड आणि बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग पान्याने खरवडलेला असेल तर ते भाग उतरवले होते. मडगार्ड बदलणे ठीक. बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना पुढे जाणाऱ्या चेसिसच्या पट्ट्या सुरकुतल्या किंवा नव्याने वेल्ड केल्या असतील तर तिथेच आभार मानून निघा.

डिकीतले कापड उचलून स्टेपनीचा खड्डा बघा. पाणी आणि गंज तिथे साठतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाशी मातीची रेघ दिसली तर गाडी पुरात बुडालेली आहे. सीटच्या रुळांवरचा गंजही तेच सांगतो. गाडीत अत्तराचा उग्र वास मारत असेल तर चटई उचलून खालचे कापड दाबून बघा.

टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी १.६ मिमीवर आली की टायर संपला. फक्त आतली कड झिजली असेल तर चाकांची अलाइनमेंट बिघडलेली किंवा सस्पेन्शनचा भाग वाकलेला.

गाडीखाली जॅकवर भरवसा ठेवून शिरू नका. मोबाइलचा टॉर्च लावून चित्रीकरण चालू करा, हात खाली घालून पुढून मागे न्या आणि मग निवांत बघा.

कोडवाचक
वरच्या यादीत एक भर: फोनला ब्लूटूथने जोडता येणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारे यंत्र) मिळत असेल तर घ्या. १६ पिनांचे सॉकेट स्टिअरिंगखाली असते. कोड नसणे पुरेसे नाही, ते मिटवणे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. "रेडिनेस मॉनिटर", म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का, ते बघा. बरेचसे अपूर्ण असतील तर कोड नुकतेच मिटवलेत किंवा बॅटरी काढली होती. बऱ्याच गाड्यांत "कोड मिटवल्यापासूनचे अंतर" हा आकडाही मिळतो. स्वस्त स्कॅनर सहसा एबीएस-एअरबॅग वाचत नाही, त्यासाठी नटबोल्ट यांची दिव्यांची चाचणीच खरी.

त्याच स्कॅनरवर व्होल्टेज दिसते. रात्रभर उभ्या गाडीत १२.५-१२.६ हवे, चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.५.

डोंगरवाट
सर्वांचे आभार. गाडी बघून आलो, बॉनेट गार होते. दिवे ठीक, क्लच घसरत नाही, उताराच्या चाचणीत धूर नाही. टायर २०१६ सालचे. चेसिसच्या पट्ट्या सरळ, डिकी कोरडी. दोन गोष्टी खटकल्या: ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय होती, आणि स्कॅनरवर चार मॉनिटर अपूर्ण, कोड मिटवल्यापासून ११ किमी. मालक म्हणतो बॅटरी नवी टाकली. टाइमिंग बेल्टची पावती नाही. कूलंट ऑइलमध्ये मिसळू न देणारे हेड गॅस्केट (हेडखालचे सील) गेले म्हणायचे का?

नटबोल्ट
नुसत्या सायीवरून नाही. थंड गावात रोज दोन-तीन किमी फिरणाऱ्या गाडीत ऑइल पुरते तापत नाही, त्यातली वाफ झाकणाला थंड होऊन सायीसारखी साचते. फरक असा करा. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ आहे का? असेल तर निम्मी काळजी मिटली. मग सकाळी गार इंजिन चालू करून लगेच रेडिएटरचा वरचा होज दाबा. पहिल्या मिनिटातच तो दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर तेच. पक्का निकाल रासायनिक चाचणी देते: टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात, जळलेला वायू लागला की पेट्रोल गाडीत तो पिवळा होतो. पाच-दहा मिनिटांचे काम आहे, कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये होते.

कोडवाचक
बॅटरीची गोष्ट खरी असू शकते. बॅटरीवरची तारीख बघा, घड्याळ आणि रेडिओचे स्टेशन पुसले गेले का बघा. तरी मालकाला सांगा की उद्या मिश्र रस्त्यावर ७०-८० किमी फिरवू द्या, मग परत स्कॅन करू. लपवलेला दोष तेवढ्यात बहुधा परत येतो. नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.

तिसरा गिअर
त्या फेरीत शेवटचा टप्पा सगळ्यांना बसवून, सामानासह करा. ब्रेक आणि सीटबेल्ट आधी नीट तपासलेले असतील तरच मुलांना घ्या. भरल्या गाडीत मागचे चाक कमानीला घासते का, खड्ड्यातून गेल्यावर मागचा भाग एकाहून जास्त वेळा डोलतो का ते कळते. मागे बसलेल्यांना बेअरिंगचा आवाज चालवणाऱ्याआधी ऐकू येतो. चाइल्ड सीट लावणार असाल तर मागच्या सीटच्या सांध्यातले आयसोफिक्स हूक बोटांनी चाचपून बघा, सगळ्या मॉडेलांत ते नसतात.

डोंगरवाट
डिपस्टिक स्वच्छ होती. होज उद्या सकाळी बघतो. तिसरा प्रश्न राहिलाच.

नटबोल्ट
याच गाडीने मुलांना घेऊन ६०० किमी जाऊ नका. बेल्टचा पत्ता नाही, टायर जुने, रबरी होज किती वर्षांचे माहीत नाही, आणि घाट उतरल्यावर पुढे गरम हवेचा सपाट रस्ता. कूलिंगची खरी परीक्षा तिथे होईल. व्यवहार झालाच तर गाडी इथल्या गॅरेजला द्या: टाइमिंग बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि बेल्टवर चालत असेल तर वॉटर पंप एकत्र, ब्रेक ऑइल, कूलंट, इंजिन ऑइल-फिल्टर, चार टायर. या कामांचा खर्च आधी विचारून घ्या आणि भावातून वजा मागा. मग एकट्याने येऊन न्या, पहिल्या ५० किमीनंतर थांबून कूलंटची पातळी आणि गाडीखालचे थेंब बघा.

पैसे देण्याआधी १७ अक्षरी चेसिस नंबर पत्र्यावर कोरलेला, पट्टीवरचा आणि कागदावरचा जुळवा. त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरे कधीच नसतात, कागदावर दिसली तर नोंदीत चूक आहे किंवा लबाडी. गाडीवर कर्जाचा बोजा नाही याचा लेखी पुरावा आणि दुसरी किल्ली त्याच वेळी मागून घ्या.