काजूच्या हंगामात गोचिडांपासून बचाव: बागेत काम करणाऱ्यांनी नेमके काय करावे?

वरची_बाग (प्रश्न)

नमस्कार. सावंतवाडी तालुक्यात डोंगरउतारावर आमची काजूची बाग आहे आणि तिच्या वरच्या अंगाला थेट जंगल लागते. फेब्रुवारी लागला की बिया वेचण्यासाठी शेजारच्या वाडीतल्या बायका येतात, परीक्षा संपल्यावर मुलेही येतात आणि घरचा कुत्रा दिवसभर सगळ्यांच्या मागे फिरत असतो. गेल्या हंगामात माझ्या धाकट्या मुलीच्या गुडघ्यामागे एक गोचीड चिकटलेला आढळला. तो इतका बारीक होता की आधी आम्हाला तो तीळच वाटला. बोट फिरवल्यावर त्याचे पाय हलताना दिसले. कोणी रॉकेल लावायला सांगितले, कोणी चुना, तर कोणी पेटती अगरबत्ती जवळ धरायला. आम्ही यातले काहीच न करता तिला उपकेंद्रात नेले आणि तिथल्या ताईंनी चिमट्याने तो काढून दिला. मुलीला पुढे काही त्रास झाला नाही.

यंदा हंगामाआधीच तयारी करावी असे मनात आहे, कारण बागेत येणाऱ्या बायकांची जबाबदारीही माझ्यावर आहे. आपल्या जिल्ह्यात माकडतापाचे रुग्ण आढळले असल्यामुळे ही भीती कल्पनेतली नाही. अंगाला काय लावावे, कपडे कोणते असावेत, चिकटलेला गोचीड घरी कसा काढावा, बागेत कोणती स्वच्छता करावी आणि ताप आल्यास किती दिवसांपर्यंत सावध राहावे, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पायवाट_आरोग्याची

ताई, मी आरोग्य खात्यात गावपातळीवर काम केले आहे, त्यामुळे आजारापासून सुरुवात करतो.

माकडतापाचा विषाणू प्रथम १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात सापडला आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो ओळखला. आपल्या सिंधुदुर्गात २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात त्याचा उद्रेक झाला आणि पुढे बांदा परिसरातही रुग्ण आढळले. विषाणू पसरवणारा मुख्य गोचीड हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीचा असतो. अंड्यातून बाहेर पडलेले सहा पायांचे पिल्लू, मग आठ पायांची निम्फ अवस्था आणि शेवटी प्रौढ गोचीड, असा त्याचा जीवनक्रम असून प्रत्येक टप्प्यावर त्याला कोणाचे तरी रक्त लागते. माणसाला धोका असतो तो प्रामुख्याने निम्फपासून, आणि निम्फची संख्या दिवाळीनंतर वाढत जाऊन पावसाळ्याच्या तोंडापर्यंत टिकते. बिया वेचणे, लाकूडफाटा आणणे, पातेरा गोळा करणे ही आपली सगळी कामे नेमकी याच महिन्यांत येतात. म्हणून गुरांच्या कानामागे फुगलेले मोठे गोचीड पाहून लोक घाबरतात, पण मला काळजी वाटते ती तुमच्या मुलीच्या पायावर होता तसल्या, सहज नजरेतून सुटणाऱ्या गोचिडाची.

हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकल्यासारखे वागवू नये. माकड किंवा वानर मेलेले आढळल्यास मात्र त्याच्या जवळ जाऊ नये, कारण शरीर थंड पडू लागले की त्यावरचे गोचीड खाली उतरून आसपासच्या पातेऱ्यात नवा आसरा शोधू लागतात. ते पुरण्याचा किंवा ओढून बाजूला करण्याचा प्रयत्न न करता वनखात्याला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावे, आणि त्या भागातील काम तेवढे दिवस बंद ठेवावे.

आता गोचीड काढण्याविषयी. रॉकेल, चुना, तंबाखू, मीठ, निखारा किंवा अगरबत्ती यांपैकी काहीही वापरू नये. अशा उपायांनी गोचीड सुटेलच याची खात्री नसते. उलट त्रास झाल्यावर तो आपल्या पोटातील द्रव जखमेत सोडण्याची शक्यता वाढते. बारीक टोकाच्या चिमट्याने त्याला त्वचेला अगदी लागून, म्हणजे तोंडाच्या बाजूने, पकडावे आणि पीळ न देता, झटका न मारता, सरळ वर हळूहळू खेचावे. फुगलेल्या पोटाला धरून दाबू नये. चिमटा नसेल तर बोटांवर कागद किंवा प्लॅस्टिकची पिशवी घेऊन हेच करावे, पण नखाने चिरडू नये, कारण त्यातून निघणारा द्रव बोटावरच्या बारीक चिरेतूनही आत जाऊ शकतो. नंतर जागा आणि हात साबणाने धुवावेत आणि गोचीड चिकटपट्टीत गुंडाळून किंवा स्पिरिटमध्ये बुडवून टाकावा.

आंतरजालावर वाचून काही जण सांगतात की चोवीस तासांच्या आत गोचीड काढला तर चिंता नसते. हा हिशेब अमेरिकेत आढळणाऱ्या लाइम या जीवाणूजन्य आजाराचा आहे. आपल्याकडच्या विषाणूला तो लावून निर्धास्त राहणे योग्य नाही. दिसला त्या क्षणी काढणे हेच बरोबर.

शेणी_आणि_गोठा

मी पशुवैद्यकीय काम करते, म्हणून गुरे आणि कुत्रा यांच्यापुरतेच लिहिते.

गुरांना माकडताप होत नाही, परंतु प्रौढ गोचिडांना अंडी घालण्याआधी जे भरपूर रक्त लागते ते पावसाळ्यात रानात चरणाऱ्या गुरांकडूनच मिळते. एक मादी रक्त पिऊन गळून पडली की जमिनीवर दोन-तीन हजारांपर्यंत अंडी घालू शकते, आणि त्यातूनच पुढच्या उन्हाळ्यातले निम्फ तयार होतात. त्यामुळे काजूच्या हंगामातील त्रास कमी करायचा असेल तर गुरांवरचा औषधोपचार पावसाच्या आधी आणि पावसात, ठरावीक अंतराने व्हायला हवा. फेब्रुवारीत जागे होऊन फारसा उपयोग होत नाही. गोठ्यातल्या चिऱ्यांच्या भिंतीतल्या फटी बुजवून घ्याव्यात, कारण गुरांवरच्या काही जाती तिथेच लपतात आणि अंडी घालतात. गोचिडांमुळे गुरांना थायलेरिया आणि लाल लघवीसारखे आजार होतात, तेव्हा हा खर्च केवळ माणसांसाठी केला असे होणार नाही.

औषधाचे प्रमाण पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे. डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ यांसारखी औषधे अंदाजाने पाण्यात ओतून गुरांना चोळणे धोक्याचे आहे. फवारणीनंतरची भांडी व्हाळात धुवू नयेत. डेल्टामेथ्रिन माशांना अत्यंत घातक असते आणि उन्हाळ्यात व्हाळाला पाणी थोडेच उरलेले असते. दुभत्या जनावराला आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन स्वतःच्या मनाने देऊ नये, कारण त्याचा अंश दुधात उतरतो.

कुत्र्यावर आढळणारा तपकिरी गोचीड बहुधा वेगळ्या जातीचा असतो, मात्र रानात फिरणारा कुत्रा रानातले गोचीडही अंगणात आणतो. त्याच्यासाठी मानेवर सोडायचे थेंब किंवा तोंडावाटे देण्याच्या गोळ्या मिळतात आणि त्या वजनानुसार दिल्या जातात. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले औषध कुत्र्याला लावताना विशेष काळजी घ्यावी. मांजराला ते विषारी ठरते. संध्याकाळी त्याचे कान, पायाच्या बोटांमधील जागा आणि गळपट्ट्याखालचा भाग चाचपून पाहावा. कुत्रा खाणे सोडून मलूल झाला किंवा त्याच्या नाकातून रक्त आले तर वाट पाहू नये.

बांद्याकडचा_बागायतदार

वरील दोघांनी आजाराचे आणि जनावरांचे उत्तम सांगितले आहे. बागेत प्रत्यक्ष काय करता येते ते मी लिहितो, कारण माझ्या मते अर्धी लढाई तिथेच असते.

गोचीड उडत नाही आणि उडीही मारत नाही. तो पातेऱ्यात किंवा गवताच्या टोकावर बसून पुढचे पाय हवेत पसरतो. त्या पायांवरच्या ज्ञानेंद्रियांनी त्याला आपला श्वास आणि अंगाची ऊब कळते आणि कोणी घासून गेले की तो चिकटतो. मी एकदा रानमोडीच्या वाळक्या काडीवर हे जवळून पाहिले आहे: काडीच्या टोकाला ठिपक्यासारखा जीव स्थिर बसलेला होता आणि मी हात थोड्या अंतरावर नेताच त्याचे पुढचे दोन पाय उचलले गेले. हे समजले की बाग कशी ठेवायची तेही समजते. जानेवारीतच झाडांच्या बुंध्याभोवतालची रानमोडी आणि गवत काढून घ्यावे आणि ये-जा करण्याची वाट रुंद ठेवावी, म्हणजे चालताना पायांना झुडपे घासत नाहीत. जंगलाच्या कडेला लागून मोकळा, उन्हात तापणारा पट्टा ठेवला तर फार फरक पडतो, कारण गोचिडाला सावली आणि ओलावा लागतो. उघड्या उन्हात तो कोरडा पडून मरतो. गोळा केलेला पातेरा पेटवून देण्याची घाई मात्र करू नये. मार्चमध्ये काजूच्या बागांत वणवा पेटायला एक ठिणगी पुरते. तो खड्ड्यात टाकून कुजवलेला बरा.

कपड्यांबाबत आमच्याकडे येणाऱ्या बायकांचा आक्षेप रास्त होता. उकाड्यात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पँट घालून ओणवे होऊन बिया वेचणे सोपे नाही. शेवटी आम्ही ठरवले की कामाला सकाळी लवकर सुरुवात करायची आणि ऊन चढण्याआधी थांबायचे, म्हणजे पूर्ण कपडे सहन होतात. साडीच्या आत लेगिंग, त्यावर पायमोजे ओढून घेतलेले, वरून पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि पायात गमबूट, असा वेश आता आमच्याकडे रूढ झाला आहे. रंग फिकट असावा, कारण पांढरट कापडावर चढणारा ठिपका दिसतो. बूट आणि पायमोजे मी बागेच्या खर्चातूनच घेतो, आणि प्रत्येक मालकाने ते घ्यावेत असे मला मनापासून वाटते. मजुरी करणाऱ्या बाईने स्वतःच्या पैशाने ते घ्यावेत अशी अपेक्षा करणे बरोबर नाही.

न्याहारीला किंवा बिया सोलायला पातेऱ्यावर बसू नये. जेवणाच्या जागी ताडपत्री अंथरावी, किंवा सरळ गडग्याबाहेरच्या मोकळ्या कातळावर जाऊन बसावे. डोक्यावरून काढलेला टॉवेल झुडपावर टाकण्याची सवयही मोडावी लागते.

अंगाला लावण्यासाठी डीट हा घटक असलेले मलम किंवा फवारा दुकानात मिळतो. घेताना वेष्टनावर त्याचे प्रमाण पाहावे, कारण वीस ते तीस टक्के असेल तर परिणाम काही तास टिकतो आणि कमी असेल तर लवकर ओसरतो. लहान मुलांसाठी किती चालते हे वेष्टनावर वाचावे, आणि त्यांच्या तळहातांना आणि डोळ्यांजवळ ते लावू नये. बाधित गावांत आरोग्य खात्याकडून पायांना आणि हातांना लावायचे प्रतिबंधक तेलही वाटले जाते, ते उपकेंद्रात अवश्य विचारावे. घाम आला की लेप धुऊन जातो, त्यामुळे मधल्या सुट्टीत पुन्हा लावावा लागतो. पिकांवर फवारायचे कीटकनाशक अंगाला किंवा कपड्यांना लावण्याचा प्रकार मी पाहिला आहे. तो कृपया कोणीही करू नये.

घरी आल्यावर बागेतले कपडे दारावर किंवा पलंगावर न टाकता लगेच कडकडीत गरम पाण्यात बुडवावेत. थंड पाण्यात आणि साबणात गोचीड सहज जिवंत राहतो. अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कंबरेचा नाडीखालचा भाग, कानामागची जागा, मानेवरचे केस आणि गुडघ्याची मागची बाजू तपासावी. पाठ आणि डोके दुसऱ्याने पाहावे.

वरची_बाग

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. दोन शंका राहिल्या आहेत. काढताना तोंडाचा भाग आतच राहिला तर काय करावे? आणि ताप आला तर किती दिवसांपर्यंत तो गोचिडाशी जोडून पाहावा? यावर लस मिळते असेही ऐकले होते.

पायवाट_आरोग्याची

ताई, तोंडाचा तुकडा राहिला आणि चिमट्याने सहज निघत नसेल तर सुईने खणत बसू नये. त्वचा काही दिवसांत तो स्वतःच बाहेर टाकते. तिथे छोटी खाजरी गाठ काही आठवडे राहू शकते; लाली पसरू लागली किंवा पू झाला तर दाखवावे.

माकडतापाची लक्षणे सहसा चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत दिसतात. तरी आपण दोन आठवडे लक्ष ठेवावे. अचानक चढलेला जोराचा ताप, कपाळ फुटल्यासारखी डोकेदुखी, कंबर आणि पोटऱ्यांमध्ये असह्य दुखणे, उलट्या, आणि काही रुग्णांत हिरड्यांतून किंवा नाकातून रक्तस्राव, असे त्याचे स्वरूप असते. काही जणांचा ताप उतरून आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा चढतो आणि तेव्हा मान आखडणे, थरथर किंवा गोंधळलेपणा दिसतो, म्हणून पहिला ताप गेला की लगेच कामावर धाडू नये. विषाणूवर थेट औषध नाही, परंतु वेळेत दाखल होऊन शरीरातील पाणी आणि रक्तस्राव यांची काळजी घेतली गेली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. दगावणाऱ्यांचे प्रमाण तीन ते पाच टक्के सांगितले जाते. ताप उतरवण्यासाठी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घरातून देऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल चालते, तेही डॉक्टरांना दाखवायला नेईपर्यंत.

कर्नाटकात पूर्वी दिली जाणारी जुनी लस पुरेशी परिणामकारक न ठरल्याने ती आता वापरात नाही आणि नव्या लसीवर काम चालू आहे. म्हणजे या हंगामापुरते तरी लसीवर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट. याच रानात गोचीडताप आणि स्क्रब टायफससारखे जीवाणूजन्य तापही होतात. स्क्रब टायफस गोचिडाने नव्हे तर त्याहूनही सूक्ष्म कोळीवर्गीय किड्याच्या पिल्लाने होतो आणि चावल्याच्या जागी अनेकदा काळी, न दुखणारी खपली धरते. डॉक्सिसायक्लिन या औषधाने हे दोन्ही ताप लवकर बरे होतात, पण डॉक्टरांच्या मनात ती शंका यायला हवी. म्हणून दवाखान्यात गेल्यावर केवळ "ताप आहे" एवढेच सांगून थांबू नये. "मी काजूत कामाला जाते, अमुक दिवशी गोचीड काढला होता, आजूबाजूला माकड मेल्याचे ऐकले आहे" असे स्वतःहून सांगावे, आणि काळी खपली असेल तर लाजेखातर न लपवता दाखवावी. ती बऱ्याचदा जांघेत किंवा काखेत असते. गोचीड काढल्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आणि बागेत येणाऱ्या प्रत्येक बाईला तसेच करायला सांगितले, तर रक्ताचा नमुना कोणत्या तपासणीसाठी पाठवायचा हे ठरवणे आरोग्य केंद्राला सोपे जाते.

वरची_बाग

समजले. पायमोजे आणि गमबूट या आठवड्यातच आणते, आणि उपकेंद्रातल्या ताईंना हंगाम सुरू होण्याआधी एका सकाळी बागेत येऊन सगळ्या बायकांशी बोलण्याची विनंती करते.